तो स्टेजवरून उतरल्यावर

‘संगीत क्षेत्रातल्या मुलावर विश्वास ठेवावा का?’ हा प्रश्न समुपदेशनात इतक्यांदा येतो की तो विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा फोन असतो, आणि फोनवर कुणीतरी टाकलेली एखादी कमेंट उघडी असते, हेही आता ठरून गेल्यासारखं झालंय. खाली सांगितलेल्या प्रकरणात ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सत्तावीस वर्षांची, हिशेबाचं काम करणारी, सकाळी नऊ ते सहा ऑफिस. तो एका बँडमध्ये बास गिटार वाजवणारा. चौदा महिन्यांचं नातं. तक्रार अशी : “शो संपला की तो पुढच्या रांगेतल्या मुलींशी हसून बोलतो. मी काही विचारलं की ‘उद्या बोलू’. मॅडम, मग मी त्याची कोण?”

भीतीकडे वळण्याआधी आकर्षणाचा हिशेब मांडला. नेमकं काय आवडलं होतं? ती म्हणाली, तो डोळे मिटून वाजवत होता आणि छातीत धडधडत होतं. त्या धडधडीतला काही भाग बासच्या कंपनांचा, काही गर्दीचा आणि अंधाराचा. 1974 मध्ये डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला होता. हलणाऱ्या उंच पुलावर एका तरुणीशी बोललेल्या पुरुषांनी नंतर तिला फोन करण्याचं प्रमाण, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. शरीराची उत्तेजना एका कारणाने आलेली असते, आपण ती समोरच्या माणसाच्या नावावर जमा करतो. म्हणून तिचं प्रेम खोटं ठरत नाही. पहिल्या रात्रीचा पुरावा तेवढा कच्चा ठरतो.

खरा गुण दुसरीकडे असतो आणि तो स्टेजवर सहसा दिसत नाही. एकच चार मात्रांचा तुकडा चाळीस वेळा वाजवण्याची चिकाटी. दुसरा वाजवत असताना आपण कधी थांबायचं याची जाण. बास वाजवणाऱ्याला तर ही जाण नसेल तर बँड त्याला ठेवतच नाही.

मग चार आठवड्यांची वही. दर भांडणापुढे दोनच गोष्टी लिहायच्या : किती वाजता झालं, आणि त्या दिवशी शो होता का. वही भरून आली तेव्हा अकरा भांडणं होती. त्यातली नऊ रात्री एक ते तीनमधली, सगळी शोच्या रात्रीची. पुढच्या रांगेतल्या मुलींचा संबंध फक्त दोन भांडणांशी होता.

शोचा दिवस बाहेरून दीड तासाचा वाटतो. त्याचा असा असायचा : तीनला सामान उतरवणं, पाचला साउंडचेक (शोआधी आवाज तपासून घेणं), मग रिकामं बसणं, साडेनऊला शो, अकराला संपणं, त्यानंतर केबल गुंडाळून ॲम्प गाडीत चढेपर्यंत साडेबारा. ड्रमच्या शेजारी आवाज 100 डेसिबलपर्यंत सहज जातो. आवाजाच्या सुरक्षिततेचा एक रूढ निकष 85 डेसिबलला आठ तास देतो आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करत जातो. म्हणजे 100 ला फक्त पंधरा मिनिटं. हा उभा होता नव्वद. कानात दडे बसलेले, शिट्टी वाजतेय, अंगात अजून ॲड्रेनलिन, डोकं मात्र रिकामं. चाहत्यांशी हसणं त्याला जमतं कारण ती दोन वाक्यांची देवाणघेवाण असते, तिथे ऐकावं लागत नाही. आणि नेमकं दीड वाजता ही विचारते, “आपलं पुढे काय?”

(ही शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं. स्पीकरसमोर उभं राहणाऱ्या तिनेही इअरप्लग वापरायला हवेत; हे मात्र तिला सर्वात अवघड वाटलं.)

ठरलं असं. साउंडचेकपासून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत जड विषय नाही. मंगळवारी संध्याकाळी एक तास पक्का, फोन दुसऱ्या खोलीत. दौऱ्यावर असताना फोन साउंडचेक आणि शो यांच्यामधल्या रिकाम्या वेळात, शोनंतर फक्त ‘पोहोचलो’.

दुसऱ्याच मंगळवारी हे मोडलं. आयत्या वेळी दुसऱ्या कुणाच्या जागी वाजवण्याचं बोलावणं आलं, त्याने दुपारी होकार दिला आणि तिला सातला कळवलं. अशी बोलावणी येतातच, आणि दोनदा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा फोन येत नाही, त्यामुळे त्याला दोष देऊन उपयोग नव्हता. नियमच अर्धवट होता. त्यात भर घातली : वेळ मोडणाऱ्याने त्याच मेसेजमध्ये, तीन दिवसांच्या आतली पर्यायी वेळ स्वतः सुचवायची.

पैशांचं थोडक्यात. सरासरी उत्पन्नावर काही ठरवू नये, सरासरी फसवते. मागच्या बारा महिन्यांतले सर्वात कोरडे तीन महिने काढायचे आणि एकत्र राहण्याचा खर्च त्यात बसतो का ते पाहायचं.

राहिली संशयाची गोष्ट. फोन तपासून हाती फारसं लागत नाही. शो नसलेल्या रात्री तो सापडतो का? बँडमधल्या लोकांना ती कोण हे माहीत आहे का? तारखा तिला त्याच्याकडून कळतात की पोस्टरवरून? शो नसतानाही तो गायब असेल तर ‘कलाकाराचं आयुष्यच असं’ हे उत्तर अजिबात मान्य करू नये. इथे तिन्ही उत्तरं ठीक निघाली.

सहाव्या सत्राआधीच्या शनिवारी ती शोला गेलीच नाही, झोपली. रविवारी दुपारी तो आला, दोघं चार तास घरी होते.

“भांडलो नाही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण रविवारचा तो तसा कंटाळवाणाच आहे हो.”

वही अजून दोन महिने चालवायची असं तिनेच ठरवलं. भांडणांचे रकाने काढून टाकले, आता फक्त रविवार लिहायचे आहेत.