घरच्या अडचणीमुळे विद्यापीठातला अभ्यासक्रम मध्येच सोडावा लागतोय. काय करू?

आई आजारी आहे, तिच्याजवळ थांबायला दुसरं कोणी नाही, महिनाभर वर्गात जाता आलेलं नाही आणि आता नाव काढून टाकावं असं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी विद्यापीठात शिकवत होतो तेव्हा असे अर्ज वाचणाऱ्या समितीत होतो. त्यावरून सांगतो, थांबायचं तर जरूर थांबा, पण न सांगता गायब होऊ नका.

नुसतं जाणं बंद केलं तरी कागदोपत्री तुम्ही विद्यार्थीच असता. मग परीक्षेला गैरहजर, म्हणून नापास, वर शुल्काची थकबाकी. रीतसर माघारीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत अशा विषयापुढे 'डब्ल्यू' (म्हणजे विषय सोडला) लागतो आणि तो गुणांच्या सरासरीत धरत नाहीत. 'एफ' (म्हणजे नापास) मात्र धरतात.

नाव काढायच्या आधी दोन गोष्टी विचारा: एक-दोन विषय सोडून भागेल का, आणि सत्रापुरती रजा मिळेल का? रजेत सहसा प्रवेश टिकतो. नाव काढलं तर पुन्हा प्रवेशाची सगळी धावपळ आली. भारतात असाल तर एवढं माहीत असू द्या, की 2021 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणाऱ्या डिजिटल खात्यात, जमा झालेले श्रेयांक (पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट) जास्तीत जास्त 7 वर्षं ग्राह्य धरले जातात.

आता अर्ज. बहुतेकांचं घोडं तारखांवर अडतं. मुलं दोन पानं कळकळीनं लिहितात आणि सोबत जोडलेला दवाखान्याचा कागद असतो सत्र सुरू होण्याआधीचा. वाचणाऱ्याला हवं असतं ते इतकंच: काय घडलं, कधी घडलं, आणि त्यामुळे अभ्यासाचं नेमकं काय अडलं. 'घरी फार अडचण आहे' यापेक्षा 'आईची शस्त्रक्रिया 10 ऑगस्टला झाली, रात्री तिच्याजवळ मलाच थांबावं लागतं, 12 ऑगस्टपासून एकाही प्रात्यक्षिकाला येता आलं नाही' हे वाक्य तुमचं काम करेल. उशिरा अर्ज करत असाल तर उशीर का झाला तेही लिहा. तो प्रश्न येतोच. आणि संकोच करू नका. समितीतल्या माणसांच्या घरीही आजारपणं येतात.

सही करण्याआधी शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि वसतिगृह यांचं काय होतं ते विचारून घ्या. परदेशी शिकत असाल तर आधी व्हिसाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात जा. अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय विषय कमी केले तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा दर्जाच धोक्यात येतो.

अर्जाची पोच घ्या. परत कधीपर्यंत यायचं आणि त्यासाठी काय भरायचं, हेही लेखी मागा. तोंडी 'या हो, बघू' म्हणणारा माणूस वर्षभरानं त्या खुर्चीत असेलच असं नाही. अर्ज तयार व्हायला वेळ लागणार असेल तर आज विभागप्रमुखांना चार ओळींचा ईमेल तरी टाका. निदान कळवल्याची तारीख तुमच्याकडे राहील.