घरात मशीनने लाकूड कोरताना उडणारी धूळ कशी आवरायची?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमधल्या एका खोलीत रोटरी टूल आणि चार इंची ग्राइंडरने कोरीवकाम करता. मास्क असतो, खिडकी उघडी असते, शेजारी व्हॅक्यूम चालू असतो, तरी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर धूळ बसते. घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

आधी आज लगेच करण्यासारखं सांगतो. काम करताना छताचा पंखा आणि एसी बंद ठेवा. एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि पंखा खाली बसू पाहणारी धूळ पुन्हा उचलतो. एकट्या उघड्या खिडकीचाही भरवसा नाही. वारा आत येत असेल तर तोच धूळ दाराखालून स्वयंपाकघरात नेतो.

आता व्हॅक्यूम. मेणबत्ती फुंकून सहज विझते, पण तोंडाने हवा आत ओढून विझवून बघा. अगदी ओठांशी आणल्याशिवाय ज्योत हलतसुद्धा नाही. व्हॅक्यूमच्या नळीचं तसंच आहे. तिच्या तोंडापासून तिच्याच व्यासाइतकं लांब गेलं, की हवेचा वेग साधारण दहावा हिस्सा उरतो. दीड इंची नळी असेल तर दीड इंचावरच ही गत, मग टेबलाच्या कडेला ठेवलेली नळी काय ओढणार? ती कामापासून दोन-तीन बोटांवर हवी आणि भुसा ज्या दिशेला उडतो त्या बाजूला हवी. बिट (मशीनच्या टोकाला फिरणारं, लाकूड कोरणारं पातं) कुठल्या बाजूला फिरतंय ते बघून प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते. मी नळी वाकवून ठेवता येईल अशा स्टँडला अडकवली आहे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

पण कोरताना काम सतत फिरवावं लागतं, त्यामुळे एकट्या नळीने भागत नाही. म्हणून मी प्लायची पेटी केली. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, दीड फूट उंच, समोरून उघडी, वर अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक तुकडा. हात आत, चेहरा बाहेर, नजर अ‍ॅक्रिलिकमधून. पेटीची मागची बाजू खिडकीला लावून तिथे बारा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, त्याच्या अलीकडे घड्यांचा एअर फिल्टर. फिल्टर टाळू नका, नाहीतर बारीक भुसा पंख्याच्या मोटरवर साचेल (तो पेट घेऊ शकतो) आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही जाईल. फॅन चालू असताना खोलीचं दार बोटभर उघडं ठेवा. दार घट्ट लावून कडेला ओला टॉवेल कोंबणं मीही केलं होतं, पण बाहेरून हवा आलीच नाही तर फॅन ओढणार काय? फट ठेवली की घरातली हवा खोलीत येते आणि खिडकीतून बाहेर जाते. तुमचे डबे वाचतील ते यामुळे.

व्हॅक्यूम कापडी पिशवीचा असेल तर तो बारीक धूळ मागून पुन्हा खोलीतच सोडतो. हेपा फिल्टर (अतिबारीक धूळही अडवणारा) असलेला घ्या, किंवा यंत्र बाल्कनीत ठेवून फक्त नळी आत आणा. मध्ये झाकणाच्या बादलीवर सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा पाडणारं नरसाळं) बसवला तर जाड भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही.

मुळात धूळ कमीही करता येते, आणि याकडे फार कमी लोक बघतात. कार्बाइडचं धारदार बिट लाकूड कापतं, त्याचा कण जाड असतो आणि चटकन खाली बसतो. सँडिंग ड्रम, डायमंडचं बिट किंवा बोथट झालेलं कुठलंही बिट लाकडाचं पीठ करतं. मी रफ काम मशीनने करतो आणि शेवटचा हात पटाशी व स्क्रेपरने देतो. पॉलिश पेपर अगदी शेवटी, तोही पेटीतच.

लाकूडही बघून घ्या. शिवणीच्या झाडाचं लाकूड मऊ असतं, कोरायला गोड. शिसवीची धूळ मला बाधली. रात्री नाक चोंदायचं, मनगटावर पुरळ यायचं आणि मी कितीतरी महिने ते सर्दीवर ढकललं. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी) घरात अजिबात कोरू नका, त्यात फॉर्माल्डिहाइडवर बनलेला डिंक असतो. जुन्या वाड्याचे रंगवलेले खांब किंवा चौकटी मिळाल्या तर त्यांवरही मशीन चालवू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि लहान मुलांना ते फार घातक.

मास्क हवाच, पण तो शेवटचा बंदोबस्त. एन९५ किंवा बदलत्या फिल्टरचा अर्धा मास्क घ्या. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. काम संपल्यावर लगेच काढूही नका, अतिबारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. मी फॅन आणखी अर्धा-पाऊण तास चालू ठेवून खोलीबाहेर येतो. घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, मुख्यतः नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगामुळे.

झाडू फिरवू नका, ब्लोअर तर नाहीच. व्हॅक्यूम करून ओल्या फडक्याने पुसा. हे सगळं बसवलं की एकदा रात्री दिवे घालवून काम संपल्यावर टॉर्चचा झोत खोलीत आडवा सोडा. दिवसा स्वच्छ वाटणाऱ्या हवेत काय तरंगतंय ते दिसेल आणि पेटी कुठून गळतेय तेही कळेल. माझी डाव्या कोपऱ्यातून गळत होती, फोमची पट्टी लावल्यावर थांबली.

आणि कामाचा शर्ट त्याच खोलीत खुंटीला ठेवा. तो अंगावर असताना मुलीला उचलून घेऊ नका.