‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे नक्की अर्थ किती, आणि ते पाठ कसे करायचे?

पाठ करू नका. एवढंच लिहून थांबणार होतो, पण प्रश्नाखाली तुम्ही म्हटलंय की इतक्या छोट्या शब्दावर अडखळायला होतं याची लाज वाटते, म्हणून बसलो लिहायला. याच शब्दावरून मी भर बैठकीत बोलणी खाल्ली आहेत, आणि तीही इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून पोट भरत असताना.

मी यंत्रांची मॅन्युअल्स भाषांतरित करतो. एका पंपाच्या मॅन्युअलचं काम होतं. कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा याचा तक्ता चाळिसाव्या पानावर होता, आणि शेवटच्या दिवशी कळलं की मुळातला तक्ताच जुन्या मॉडेलचा आहे. आकडे बदलले, नवी फाइल मेलने पाठवली आणि पानांची मांडणी बघणाऱ्या बाईंना फोन केला. त्या दुसऱ्या देशात, मराठीचा गंध नाही, त्यामुळे सगळं बोलणं इंग्रजीत. नवी फाइल पाठवली आहे, चाळिसाव्या पानाचा तक्ता बदललाय, हीच वापरा, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘गॉट इट.’

मी ऐकलं, मिळाली. त्यांना म्हणायचं होतं, समजलं.

खरी गंमत संध्याकाळची. चॅटवर त्यांचा निरोप आला: ‘सॉरी, स्टिल डिडन्ट गेट इट.’ या खेपेला त्यांना म्हणायचं होतं की फाइल अजून मिळालेली नाही. आणि मी वाचलं, अजून समजलं नाही! मग काय, मास्तरकी अंगात आली. जुनं मॉडेल कुठलं, नवं कुठलं, कोणते आकडे का बदलले, असे तीन परिच्छेद लिहून पाठवले. बाई बिचाऱ्या फाइलची वाट बघत राहिल्या. छपाईची वेळ झाली तेव्हा हाताशी होती ती जुनी फाइल पुढे गेली. मागाहून प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवावं लागलं.

आमच्या वरिष्ठांनी बैठकीत सगळ्यांसमोर सुनावलं, ‘गॉट इट म्हणजे समजलं, हे शाळकरी पोरालाही कळतं.’ आता हेच गृहस्थ वर्षानुवर्षं माझ्या इंग्रजी पत्रांतला प्रत्येक ‘गेट’ लाल शाईने खोडत आले होते. गेट हा बाजारू शब्द, त्याचा अर्थ फक्त मिळणे, बाकी सगळी बोलण्यातली सवंगता, ‘रिसीव्ह’ लिहा, ‘बिकम’ लिहा, ‘ऑब्टेन’ लिहा. म्हणजे एरवी अर्थ एकच, आणि मी अडकलो तेव्हा मात्र दुसरा अर्थ पोरालाही ठाऊक! तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय, ते तुमच्या माथी मारतो.

मराठीत हा घोटाळा झालाच नसता. फाइल ‘मिळाली’ आणि म्हणणं ‘कळलं’. क्रियापदच वेगळं आहे, वर लिंगही चुगली करतं. इंग्रजीत ‘इट’ म्हणजे फाइल की बोलणं हे शब्दावरून ओळखायला काही मार्ग नाही. अशा ठिकाणी इंग्रजी मातृभाषा असलेला माणूसही फसू शकतो. त्यामुळे लाज वगैरे सोडा.

अर्थ किती, तर मी मोजले नाहीत. ज्यांना मोजायची हौस आहे त्यांच्यासाठी: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’चे 430 अर्थ होते, आणि पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाचे 645 निघाले. कोशकार अर्थाच्या बारीक बारीक छटा वेगळ्या मोजतात. तेवढ्या कोणाच्याच डोक्यात नसतात, इंग्रजांच्याही नाही.

माझ्या मते ‘गेट’च्या पोटात एकच गोष्ट आहे: आधी नव्हतं ते आता झालं. ‘बी’ म्हणजे असणे, ‘गेट’ म्हणजे त्या असण्यात जाऊन पोहोचणे. ‘आय अ‍ॅम मॅरीड’ म्हणजे मी विवाहित आहे, ‘आय गॉट मॅरीड’ म्हणजे माझं लग्न झालं. एवढं धरून ठेवा आणि मग गेटकडे बघूच नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे वस्तू आली की मिळणे किंवा आणणे. विशेषण आलं की होणे: गेट अँग्री, गेट ओल्ड. जागा आली की पोहोचणे: गेट होम. आणि पुढे वस्तू व तिच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप आलं, तर काम दुसऱ्याकडून करवून घेणे. ‘गेट द रिपोर्ट चेक्ड’ म्हणजे अहवाल तपासून घे. ‘गेट द चेक्ड रिपोर्ट’ म्हणजे तपासलेला अहवाल आण. शब्द तेच, जागा बदलली की कामच बदलतं. ‘गॉट फायर्ड’मध्ये मात्र नोकरी स्वतःचीच जाते.

‘आय गॉट टू मीट हिम’ हे वाक्य मला फार आवडतं. मला त्यांना भेटायला मिळालं. इथे मराठीत नेमका तोच ‘मिळणे’ येतो, योगायोगाने. पण ‘आय हॅव गॉट टू’ म्हणजे करावंच लागणं, आणि बोलताना लोक त्यातला ‘हॅव’ गिळतात, मग तेच वाक्य ‘त्यांना भेटलंच पाहिजे’ असंही ऐकू येतं. भाग्य की सक्ती, ते आजूबाजूच्या बोलण्यावरून ओळखायचं.

आता मिळण्याचा आणि समजण्याचा काय संबंध? हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘गेटा’ म्हणजे मिळवणे, गाठणे. त्याच्या मुळाशी पकडण्याचा अर्थ आहे, आणि त्याच मुळापासून लॅटिनमार्गे ‘कॉम्प्रिहेन्ड’, म्हणजे समजणे, हा शब्द आला. म्हणजे वरिष्ठांना जो शब्द भारदस्त वाटतो तो त्यांच्या बाजारू शब्दाचा लांबचा भाऊच. ‘फरगेट’ही याच घरातला, पकड सुटली की विसरलो. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ग्रहण करणे म्हणजे मुळात हाताने धरणे, आणि ग्रहणशक्ती मात्र डोक्याची.

आणि मराठी माणसाने गेटला घाबरावं म्हणजे कमालच आहे. आपल्या ‘लागणे’कडे बघा. भूक लागते, झोप लागते, आग लागते, ठेच लागते. निकाल लागतो, फोन लागतो, वेळ लागतो, नाद लागतो. कोणाला गाडी लागते, कोणाचं बोलणं मनाला लागतं. मूल चालायला लागतं, आपल्याला उठावं लागतं, आणि ती माझी कोण लागते, तर मावशी. हे कोणी तक्ता करून पाठ केलंय का? प्रत्येक ‘लागणे’ आपण शेजारच्या शब्दासकट उचलला. गेटही तसाच उचला, सुटा नको. ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’, ‘गेट अवे विथ’ यांच्या याद्या करून भिंतीला चिकटवू नका. वाचताना भेटलं की ते अख्खं वाक्य वहीत उतरवा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा प्रश्न परीक्षेसाठी असेल तर औपचारिक निबंधात गेट जपूनच वापरा, तिथे तपासणारे आमच्या वरिष्ठांचेच भाऊबंद असतात. आणि अमेरिकन मजकुरात ‘गॉटन’ दिसलं तर ती चूक नव्हे, ते लोक ‘आहे’साठी ‘हॅव गॉट’ आणि ‘मिळालं’साठी ‘हॅव गॉटन’ असा चांगला भेद करतात.

शिवाय कबूल करायला जीभ रेटत नाही, पण कामाच्या मेलमध्ये मी हल्ली ‘रिसीव्ह्ड?’ असंच विचारतो. त्याचा अर्थ ‘समजलं’ असा कोणी घेत नाही.

राहिली ती फाइल. मी पाठवलेली मेल नंतर एकदा उघडून बघितली. मजकूर व्यवस्थित होता, फाइल जोडलेलीच नव्हती. बैठकीत सगळे ‘गॉट इट’च्या अर्थावर भांडत होते, त्यामुळे ते विचारायचं राहून गेलं. मीही आठवण करून दिली नाही.