जवारी ‘गेली’ म्हणजे नक्की काय गेलं?

प्रश्न असा आलाय की म्युझियममध्ये एका जुन्या तंबोऱ्यासमोर कुणीतरी गाणारे म्हणाले ‘याची जवारी गेलीय’, आणि बघितलं तर खुंट्या, तारा, घोडी, मणी सगळं जागेवर, मग गेलं काय? आणि जवारी ‘काढतात’ म्हणे, म्हणजे काढून टाकतात का?

जवारी हा सुटा पार्ट नाहीच. भोपळ्यापुढच्या तबलीवर, म्हणजे त्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणावर, हाडाची नाहीतर शिंगाची जी रुंद पट्टी असते, जिच्यावरून तारा जातात, ती घोडी. ती वरून सपाट दिसते पण अगदी किंचित उतरती घासलेली असते, तार तिला टेकत सुटत राहते आणि म्हणून एका सुरातून वरचे कितीतरी सूर ऐकू येतात. (सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्येच यावर पेपर लिहिला होता!) त्या घासणीला जवारी म्हणतात आणि त्यातून येणाऱ्या झंकारालाही जवारीच. विळीच्या धारेसारखं आहे हे, धार वेगळी काढून दाखवता येत नाही, पण ती जाते आणि परत काढावी लागते. ‘जवारी काढणे’ मधलं काढणे ते हेच. मिरजेत तंबोरे बनवणारी शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी, त्यामुळे हे जुळणं मला फारच आवडतं.

जाते कशी, तर तार घासून घासून घोडीवर बारीक चर पडतात आणि आवाज बोदा येतो. पुण्यात केळकर म्युझियमला गेलात तर जुन्या वाद्यांची घोडी जरा बाजूने वाकून बघा, समोरून काही कळत नाही. मग कारागीर तारा उतरवून कानशीने थोडं घासतो, तार चढवून ऐकतो, परत घासतो, कान तयार नसेल तर हे काम होतच नाही. तारेखाली दोरा सरकवतात ते मात्र जवारी काढणं नव्हे, ते ‘जवारी लावणं’ किंवा नुसतं ‘दोरा लावणं’, ते गायक स्वतःच करतात.

सतारवाले खुली जवारी (झंकार जास्त), बंद जवारी (झंकार कमी) असंही म्हणतात, रविशंकरांची खुली आणि विलायत खाँसाहेबांची बंद. गळ्याबद्दलही ‘जवारीदार आवाज’ म्हणतात, तिथे घोडी नाही की तार नाही, फक्त तो झंकार. म्हणून म्युझियमच्या पाटीवर त्या पट्टीला बाण काढून ‘जवारी’ लिहू नये, ‘घोडी’च लिहावं.