पोषण शिकवताना सुरुवात गोळीपासून करा

पहिल्याच तासाला जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर लिहू नका. डी. फार्म.ची (औषधनिर्माण पदविकेची) मुलं तो पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात.

त्यापेक्षा कॅल्शियमच्या रिकाम्या स्ट्रिप्स वर्गात न्या आणि लेबल मोठ्याने वाचायला लावा: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ. यात कॅल्शियम किती? बरेच जण १२५० म्हणतील. उत्तर ५००. कार्बोनेटचा रेणुभार १००, त्यात कॅल्शियम ४०, म्हणजे ४० टक्केच. रसायनशास्त्र त्यांना येतं, ते पेशंटच्या पोटाशी जोडलेलं नसतं इतकंच. ओघात पुढचंही सांगून टाका: कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबत, कॅल्शियम सायट्रेट उपाशीपोटीही चालतं. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि कॅल्शियममध्ये ४ तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल.

मग कोणत्या औषधाने कोणतं जीवनसत्त्व कमी होतं ते घ्या. मधुमेहाचं मेटफॉर्मिन–बी१२, क्षयरोगाचं आयसोनियाझिड–बी६ या जोड्या पटकन होतात. रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनला मात्र मुलं हमखास घसरतात. ‘पालेभाज्या बंद’ सांगून मोकळी! बंद करायच्या नसतात. खाण्यातलं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं, नाहीतर व्हिटॅमिन के वरखाली होतं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) हलतो.

प्रात्यक्षिकाला ओआरएस घ्या. २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण १ लिटर पाण्यात. घरी तीच थोडी थोडी ग्लासात अंदाजाने टाकतात, द्रावण घट्ट होतं आणि जास्त सोडियम बाळाला घातक ठरतं. मुलांना एकमेकांना हे समजावायला लावा, पण ‘इलेक्ट्रोलाइट’ शब्द न वापरता. तिथे भलेभले अडखळतात.