छोट्या कंपनीत अकाउंट्सला काम करताना ऑनलाइन फसवणूक टाळायला रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

तुम्ही लिहिलंय की एका छोट्या कारखान्यात नुकतीच अकाउंट्सला नोकरी लागली, कंपनीत वेगळा आयटी विभाग नाही, बँकेचे व्यवहार तुमच्याच हातून होतात आणि मैत्रिणीच्या ऑफिसात फसवणूक झाल्यापासून धास्ती बसली आहे. मी भोसरी-चाकण पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं हिशेब आणि पेमेंट सांभाळते. संगणकतज्ज्ञ नाही, पण पैसे ज्या टेबलावरून बाहेर जातात तिथे बसते, म्हणून तिथलंच सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. पैसे पाठवा किंवा खातं बदला असं सांगणारा निरोप ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्याची खात्री करू नका. मेल असो वा व्हॉट्सॲप, उलट फोन करा, आणि तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. निरोपात दिलेल्या नंबरवर फोन केलात तर पलीकडे तोच भामटा "हो हो, आमचंच खातं आहे" म्हणायला बसलेला असतो. ही एक सवय अंगवळणी पडली तर बाकी कुठे कमी पडलात तरी बहुतेक वेळा पैसे वाचतात.

ऐकायला सोपं आहे. करताना जड का जातं, ते पुण्याचंच एक प्रकरण पाहिलं की कळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची अशी फसवणूक झाली. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने तिथल्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर संदेश आले, अमुक खात्यांत तातडीने पैसे पाठवा म्हणून. एक कोटीहून जास्त रक्कम गेली आणि मग उघडकीला आलं की पूनावाला यांनी असा संदेश पाठवलाच नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीत शिकलेली, अनुभवी माणसं होती. पण साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर उलट विचारायला आपली जीभ रेटत नाही, आणि चोराला नेमकं हेच ठाऊक असतं. म्हणून त्याच्या निरोपात तीन गोष्टी हमखास असतात: साहेबांचं नाव, घाई, आणि "मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस". शेवटचं वाक्य दिसलं की फोन करायचाच. साहेब खरोखर मीटिंगमध्ये असले तर पेमेंट तासभर उशिरा जाईल, एवढंच.

त्यामुळे नव्या नोकरीत पहिलं काम हे करा: मालकांना किंवा तुमच्या वरिष्ठांना भेटून सरळ विचारा, "सर, तुमच्या नावाने पेमेंटचा मेसेज आला तर मी रक्कम कितीही असो, तुम्हाला फोन करून विचारणार. चालेल ना?" त्यांचं "हो" चारचौघांत मिळालं तर उत्तमच. आमच्याकडे मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंय की मला फोन केल्याबद्दल कुणाला बोलणी खावी लागणार नाहीत. माझ्या मते कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा या एका वाक्याने आमची जास्त राखण केली. जिथे साहेब फोन केल्यावर खेकसतात, तिथे पोरं घाबरून पैसे पाठवून मोकळी होतात. हा दोष त्या पोरांचा नाही.

आता तर चेहरा आणि आवाज यांच्यावरही विसंबता येत नाही. अरुप नावाची एक जगप्रसिद्ध अभियांत्रिकी कंपनी आहे. तिच्या हाँगकाँग ऑफिसातल्या कर्मचाऱ्याला २०२४ च्या सुरुवातीला एका गुप्त व्यवहाराचा मेल आला. त्याला शंका आली होती, हे लक्षात घ्या. पण मग व्हिडिओ कॉलवर कंपनीचे वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि शंका विरली. ते सगळे चेहरे बनावट होते. सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्याने कॉल संपल्यावर वित्तप्रमुखांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला असता तर पहिला हप्तासुद्धा गेला नसता.

दुसरा प्रकार पार्टीच्या, म्हणजे ज्यांना आपण पैसे देतो त्या पुरवठादाराच्या, बदललेल्या खात्याचा. अकाउंट्सवाल्यांना खरा धोका इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या एका जुन्या पुरवठादाराचा मेल आला, चालू संभाषणातच, आमच्या आधीच्या मेलला उत्तर म्हणून. बिल नंबर बरोबर, रक्कम रुपयापर्यंत बरोबर, सोबत लेटरहेडवर शिक्क्यासकट पत्र: "ऑडिटमुळे नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे, हे पेमेंट खालील खात्यात करावे." माझ्या सहकारी मुलीने आयएफएससी कोड, म्हणजे खातं कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत आहे ते सांगणारा कोड, तपासला, तर शाखा निघाली परराज्यातली. पार्टी भोसरीची, तिचा सगळा कारभार इथला, मग खातं तिकडे कसं? तिने त्यांच्या ऑफिसात जुन्या लँडलाइनवर फोन केला. तिथले हिशेबनीस काका म्हणाले, "अहो, आम्ही कुठलंच खातं बदललेलं नाही."

झालं होतं असं की त्यांच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता. चोर आत शिरल्यावर लगेच काही करत नाही. तो गुपचूप वाचत बसतो, येणाऱ्या मेलची प्रत आपोआप आपल्याकडे जाईल अशी सोय सेटिंगमध्ये करून ठेवतो, आणि मोठं बिल निघालं की मधे घुसतो. म्हणून मेलमधला मजकूर खरा आहे एवढ्यावरून मेल खरा ठरत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता पूर्ण उघडून बघा. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, त्या नावावर बोट ठेवलं की पत्ता दिसतो. त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. रोमन लिपीतले आर आणि एन शेजारी आले की घाईत एम वाटतो, ही तर नेहमीची युक्ती. पण आमच्या वेळी पत्ता अगदी खरा होता, कारण मेल त्यांच्याच मेलबॉक्समधून निघाला होता. तिथे फोनच कामी आला.

हा प्रकार फक्त छोट्यांच्याच वाट्याला येतो असं समजू नका. गूगल आणि फेसबुक यांनासुद्धा २०१३ ते २०१५ या काळात एका लिथुआनियन माणसाने तैवानच्या क्वांटा कंप्युटर या त्यांच्या पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेला फसवलं.

यावर आमची पद्धत अशी. प्रत्येक पार्टीचं खातं, आयएफएससी, कॅन्सल चेक (खात्याचा तपशील दाखवणारा, रेघ मारून रद्द केलेला चेक) आणि फोन नंबर पार्टी जोडतानाच एका फाइलला लावायचे. खातं बदलायचं असेल तर नवा कॅन्सल चेक, त्या फाइलमधल्या नंबरवर फोन, आणि कुणी कुणाशी बोललं याची तारखेसह नोंद. मग नव्या खात्यात आधी किरकोळ रक्कम पाठवून पोचल्याची खात्री त्याच नंबरवर करायची. नेफ्ट आणि आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या पद्धतींत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, तुम्ही टाइप केलेल्या नावावर नाही. तिथे नाव वाट्टेल ते घातलं तरी पैसे जायचे. आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं खरं नाव दाखवायची सोय आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यासाठी १ एप्रिल २०२५ ची मुदत दिली होती. ते नाव रोज वाचा. कंपनीच्या बिलाचं खातं कुणा एका व्यक्तीच्या नावावर दिसलं तर तिथेच थांबा.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगते. कंपनीच्या नेटबँकिंगला मेकर आणि चेकर असे दोन जण असतात, एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. छोट्या कंपन्यांत मालक स्वतःचा चेकरचा पासवर्ड अकाउंटंटकडे देऊन टाकतात आणि ओटीपी येणारा फोनही त्याच्याच टेबलावर असतो. मग दोन माणसांची तपासणी कागदावरच उरते. तुमच्याकडे असं असेल तर पासवर्ड नम्रपणे परत करा. मालकांना थोडा त्रास होईल, पण उद्या काही झालं तर संशयाची सुई तुमच्यावर येणार नाही, हेही त्यात आहे.

पासवर्डबद्दल फार गोंधळ असतो. दर महिन्याला बदलत बसण्यापेक्षा लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, आणि मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात, त्यामुळे मेल गेला की सगळं गेलं. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री मागणारी सोय, आजच लावा. मेलच्या सेटिंगमध्ये आपण न लावलेलं फॉरवर्डिंग किंवा फिल्टर नाही ना, हे महिन्यातून एकदा बघा. ऑफिसच्या सामायिक संगणकावर ब्राउझरने "पासवर्ड जतन करू का?" विचारलं तर नाही म्हणा, आणि व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवून घरी जाऊ नका. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकत्र दाबली की स्क्रीन लॉक होते, चहाला जातानाही.

मोबाइलवरचे धोके तुम्हाला बहुधा माहीत असतील, थोडक्यात लिहिते. वाहतूक चलान, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी अशा नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही, ओळखीच्याच नंबरवरून आली तरी. "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं, समोरच्याला आपली स्क्रीन लांबून बघू-चालवू देणारं ॲप टाकायचं नाही. बँकांची संकेतस्थळं आता बँक डॉट इन या शेवटावर आली आहेत, तेवढं पत्त्यात बघा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लपवू नका. पगारातून कापतील या भीतीने लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्यात रक्कम चोराने भाड्याने घेतलेल्या एका परक्या खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरून एटीएममधून निघून जाते. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरा. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), तारीख-वेळ, रक्कम, आपलं आणि समोरचं खातं, आणि आलेल्या निरोपाचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून रागाच्या भरात ते संभाषण डिलीट करू नका. तक्रार समोरच्या बँकेपर्यंत पोचेपर्यंत पैसे त्या खात्यात असतील तर ते तिथेच गोठवता येतात. आमच्याकडे १९३०, बँकेचा तक्रार क्रमांक आणि शाखा व्यवस्थापकांचा नंबर अकाउंट्सच्या भिंतीवर लावलेले आहेत, कारण त्या क्षणी मोबाइलमध्ये नंबर शोधायचंही भान राहत नाही.