वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकांचा क्लब आणि रविवारची शर्यत

सभासदांनी स्वतःच्या श्रमांवर चालवलेल्या शिडनौका क्लबांविषयी, म्हणजे तेथील शिकवण्या, सहली आणि साप्ताहिक शर्यतींविषयी, मागील अंकात लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रे शर्यतीविषयीच आहेत, आणि त्याचे मला समाधान वाटते. कारण नाव चालवायला माणूस शिकवणीत शिकतो, पण ती नीट चालवायला तो शर्यतीतच शिकतो, असे माझे जुने मत आहे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी मुंबईच्या बंदरात ऑप्टिमिस्ट ही मुलांची, एकट्याने चालवायची छोटी शिडनौका चालवते. क्लबच्या एका शर्यतीत ती सर्वांच्या आधी अंतिम रेषेवर पोहोचली, परंतु तिच्यासाठी शिटी वाजली नाही. संध्याकाळच्या तक्त्यात तिच्या नावापुढे ‘ओसीएस’ अशी अक्षरे होती आणि शेवटच्या मुलाहूनही जास्त गुण होते. चूक झालीच असेल, तर ती तेव्हाच का सांगितली नाही? – एक पालक, मुंबई

उत्तर : ती तेव्हाच सांगितली गेली असणार, मात्र झेंड्याच्या भाषेत. सुरुवातीचा संकेत झाला त्या क्षणी आपल्या मुलीच्या नावेचा काही भाग सुरुवातीच्या रेषेपलीकडे होता, एवढाच ‘ओसीएस’चा अर्थ आहे. धावण्याच्या शर्यतीत सर्व जण रेषेवर उभे असतात. येथे उभे राहणे शक्यच नसते. शर्यत घेणाऱ्या समितीच्या बोटीवर पाच मिनिटे आधी वर्गाचा, म्हणजे त्या जातीच्या नावांचा, झेंडा चढतो, चार मिनिटे आधी तयारीचा झेंडा चढतो, एक मिनिट उरले असता तो लांब भोंग्यासह उतरतो, आणि शून्यावर वर्गाचा झेंडा उतरला की शर्यत सुरू होते. या पाच मिनिटांत नावा रेषेमागे घिरट्या घालत असतात आणि नेमक्या शून्याला, पूर्ण वेगात, रेषेवर असण्याचा प्रयत्न करतात. कोणी आधी ओलांडली, तर समिती पांढऱ्यावर निळी फुली असलेला झेंडा एका भोंग्यासह चढवते. चुकलेल्या सर्व नावा परत येईपर्यंत किंवा फार तर चार मिनिटे तो वर राहतो. शिडाचा क्रमांक पुकारून सांगण्याचे बंधन समितीवर नाही. आपण रेषेपलीकडे होतो की नाही हे ओळखून मागे फिरणे ही जबाबदारी नाव चालवणाऱ्याची असते. जो मागे फिरून पुन्हा नीट सुरुवात करतो त्याला कोणताही दंड नसतो. जो फिरत नाही त्याचे पुढचे सारे श्रम वाया जातात.

गुणांचा हिशेब उलटा असतो. पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि ज्याची सुरुवात बाद झाली त्याला एकूण नोंदलेल्या नावांपेक्षा एक जास्त. वीस नावा असतील तर आपल्या मुलीला २१ गुण मिळाले असतील. मालिकेच्या शेवटी प्रत्येकाचा सर्वांत वाईट निकाल साधारणतः वगळला जातो, त्यामुळे हे २१ गुण बहुधा तिच्या बेरजेत राहणारही नाहीत.

आता थोडे उपयोगाचे. रेषा म्हणजे समितीच्या बोटीवरील नारिंगी झेंडा आणि दुसऱ्या टोकाचा बोया यांना जोडणारी कल्पनेतील दोरी. ती पाण्यावर दिसत नाही. शर्यतीआधी तिने रेषेच्या एका टोकाबाहेर जाऊन झेंडा आणि बोया एका ओळीत आणावेत आणि त्या ओळीत पलीकडच्या किनाऱ्यावर काय येते ते पाहून ठेवावे, मग ती एखादी टाकी असो, मनोरा असो किंवा इमारतीचा कोपरा. ती खूण बोयाच्या मागे आली की आपण रेषेवर आहोत, हे तिला रेषेच्या मधोमध असतानाही कळते. ही खूण न धरणारी मुले दोन प्रकारे चुकतात : धीट मुले पलीकडे जातात आणि सावध मुले भीतीपोटी दोन नावांचे अंतर मागेच राहतात. मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुरुवात वाऱ्याच्या दिशेने तोंड करून होते, दुपारचा वारा वायव्येचा असतो आणि भरतीचे पाणी बंदरात उत्तरेकडे शिरते, त्यामुळे भरतीच्या वेळी सुरुवात असेल तर नाव शीड सैल सोडूनही हळूहळू रेषेवर ढकलली जाते. पाण्याने ढकलले ही सबब चालत नाही, हे मुलीला आपणच सांगितलेले बरे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. शर्यतीची हौस नाही, पोहणे बेताचे येते. अशा माणसाला क्लबात काय करता येईल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पुष्कळ. अंगात तरंगजाकीट घातल्यावाचून कोणालाही पाण्यावर सोडत नाहीत, आणि नाव उलटली तर पहिला नियम ‘नाव सोडू नका’ असा आहे, कारण उलटलेली नावही तरंगते आणि मदतीच्या बोटीला पोहणाऱ्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. तरीही पोहण्याचा सराव वाढवावा. वयाची अडचण म्हणाल, तर ती गुडघ्यांची आहे. बुटक्या बूमखालून, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याखालून, दर वेळी वाकून पलीकडे जावे लागते. म्हणून एकट्याच्या लहान नावेऐवजी दोघातिघांच्या स्थिर, वजनदार नावेत खलाशी म्हणून सुरुवात करावी.

परंतु आपल्या पत्रातील ‘शर्यतीची हौस नाही’ या वाक्याकडे मी क्लबचा चिटणीस असतो तर डोळे लावून बसलो असतो. शर्यत घ्यायला जे चार-पाच जण लागतात, म्हणजे बोया टाकणारे, घड्याळ धरणारे, शिडांचे क्रमांक लिहून घेणारे आणि मदतीच्या बोटीवर बसणारे, ते मिळवताना प्रत्येक क्लबाचा जीव मेटाकुटीस येतो. अंतिम रेषेवर एका मिनिटात सात नावा येतात तेव्हा एकाने क्रमांक मोठ्याने सांगावेत, दुसऱ्याने मान वर न करता लिहावेत, आणि तिसऱ्याने ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. हे काम एक हंगाम केलेल्या माणसाला शर्यत कळते, मग त्याची हौस असो वा नसो.

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका जलाशयावरील क्लबात आम्ही सहकुटुंब जातो. येथे रविवारी सर्व प्रकारच्या नावा एकत्र धावतात आणि पुष्कळदा तिसरी-चौथी आलेली नाव पहिली ठरते. माझ्या आईवडिलांना फोनवर हे समजावून सांगता येत नाही. – एक वाचक, लेस्टर

उत्तर : आईवडिलांना हे उत्तर वाचून दाखवावे. लहान क्लबात एकाच जातीच्या वीस नावा कधीच नसतात. कोणाकडे जुनी एंटरप्राइज, कोणाकडे लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात, आणि मुलांकडे ऑप्टिमिस्ट. सव्वाचार मीटर लांबीच्या नावेशी जेमतेम २.३ मीटरच्या ऑप्टिमिस्टने बरोबरी कशी करावी? यासाठी ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत आहे. प्रत्येक जातीच्या नावेला एक आकडा असतो; नाव जितकी संथ तितका आकडा मोठा. लागलेल्या वेळेला १००० ने गुणून त्या आकड्याने भागायचे, की सुधारित वेळ मिळते.

समजा, एका वेगवान नावेचा आकडा ११०० आहे आणि तिने ४४ मिनिटे घेतली. तिची सुधारित वेळ ४० मिनिटे. संथ नावेचा आकडा १६५० आहे आणि ती तब्बल वीस मिनिटांनी, म्हणजे ६४ मिनिटांनी आली. तिची सुधारित वेळ ३८ मिनिटे ४७ सेकंद. शर्यत संथ नावेने जिंकली. तिला चालवणारी मुलगी तोपर्यंत अर्धी गारठलेली असते, ही गोष्ट वेगळी. म्हणूनच अनेक क्लब संथ नावांना एक फेरी कमी मारू देतात आणि प्रत्येकाच्या एका फेरीच्या सरासरी वेळेवरून हिशेब करतात.

हे आकडे नावांच्या मोजमापांवरून ठरवलेले नाहीत. क्लबांनी पाठवलेल्या प्रत्यक्ष निकालांवरून ब्रिटनची राष्ट्रीय नौकानयन संघटना त्यांचे पुनरावलोकन करते. त्यामुळे त्यांत एक उणीव राहतेच : वारा मंद असेल तर काही नावांना आकडा अनुकूल पडतो, जोराचा असेल तर दुसऱ्यांना. आपल्या क्लबाच्या उपाहारगृहात यावर दर रविवारी वाद होत असेल, आणि तो कधीच मिटणार नाही. माझ्या दृष्टीने या पद्धतीचे मोल न्यायात नसून, आजोबा आणि नात एकाच शर्यतीत उतरू शकतात यात आहे.

प्रश्न : धरणाच्या पाण्यावरील आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत माझ्या उजव्या बाजूने वारा होता, समोरच्याच्या डाव्या. वाट माझी होती, पण तो थेट अंगावर आला आणि टक्कर टाळण्यासाठी मलाच वळावे लागले. समितीच्या बोटीवरून सर्वांनी पाहिले, कोणी काही केले नाही. या खेळात पंच नसतो का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : साधारण शर्यतीत पाण्यावर पंच नसतो. नियम आपल्या बाजूचा आहे : ज्याच्या उजवीकडून वारा येतो त्याला डावीकडून वारा घेणाऱ्याने वाट द्यावी. दोघांना एकाच बाजूने वारा असेल, तर वारा येतो त्या बाजूच्या नावेने पलीकडच्या नावेला वाट द्यावी. मात्र वाट आपली असली तरी टक्कर टाळण्याचे कर्तव्य आपल्यावरही असते, म्हणून आपण वळलात हे योग्यच झाले. चूक केलेल्याने आपण होऊन बाजूला जाऊन दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या असतात; बोयाला नुसता स्पर्श झाला तर एक. त्याने त्या घेतल्या नाहीत, तर आपण लगेच ‘प्रोटेस्ट’ असे ओरडून सांगायला हवे होते, आणि किनाऱ्यावर आल्यावर ठरलेल्या मुदतीत लेखी तक्रार द्यायला हवी होती. मग सुनावणी होते, दोन्ही बाजू आणि साक्षीदार ऐकले जातात. मोठ्या, म्हणजे सहा मीटर किंवा त्याहून लांब नावांना लाल झेंडाही लावावा लागतो. आपण ओरडला नाहीत, तेव्हा प्रकरण तेथेच संपले.

आपल्याकडे तक्रार करणे म्हणजे भांडण काढणे असे समजतात, आणि ज्येष्ठ खेळाडूविरुद्ध तर कोणी तोंड उघडत नाही. हे बदलायला हवे. सुनावणीत हरलेला आणि जिंकलेला नंतर एकत्र चहा पितात, हीच या खेळाची रीत आहे.

नियमपुस्तिकेचा पहिलाच नियम मात्र वाटेचा नाही. संकटातील माणसाला शक्य ती सर्व मदत करण्याचा आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू फिन या एकट्याने चालवायच्या नावेच्या वर्गातील एका शर्यतीत दुसऱ्या स्थानावर असताना शर्यत सोडून सिंगापूरच्या बुडणाऱ्या खलाशांकडे वळला. समितीने त्याला त्या शर्यतीत दुसरे स्थान बहाल केले. क्लबाच्या शर्यतीतही अशी भरपाई मागता येते.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या होड्या आहेत, राजपुरीहून जंजिऱ्याला आम्ही पर्यटक नेतो. आमच्या मुलांना क्लबाच्या शर्यतीत आमचे ज्ञान उपयोगी पडेल का? – एक वाचक, मुरूड

उत्तर : नाव हाताळण्याचे ज्ञान अर्धेच उपयोगी पडेल. आपल्या होडीचे शीड तिरक्या काठीवर असते आणि वाऱ्याची बाजू बदलताना ती काठी फिरवण्यात वेळ जातो. म्हणून आपण लांब पल्ले घेता. शर्यतीची नाव काही सेकंदांत वळते, आणि वाऱ्यासमोरच्या बोयापर्यंत नागमोडी जाताना ती दहा-पंधरा वेळाही वळू शकते. ती सवय नव्याने लावावी लागेल.

पाण्याचे ज्ञान मात्र पूर्ण उपयोगी आहे, आणि शहरी मुलांकडे नेमके तेच नसते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ कळते, हा हिशेब आपल्या घरात लहान मुलालाही येत असेल. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. आता मुंबईत शर्यत दुपारी तीनला असेल आणि दिवस पौर्णिमेचा असेल, तर ओहोटीचा तिसरा तास चालू आहे. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने ओढते, आणि उधाणाला तर मुंबईत पाण्याची उंची चार मीटरहून अधिक बदलते. अशा दिवशी ओढीच्या विरुद्ध जाताना खोल पाणी सोडून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून जावे, जेथे ओढ कमी असते, आणि ओढीबरोबर जाताना मधल्या खोल पाण्यात यावे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवशी हा फरक थोडा असतो. मग वाऱ्याकडेच पाहावे. नेमकी वेळ अर्थातच भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून घ्यावी, कारण पाऊणपटीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

या खेळात पुढे जाण्यासाठी घरी पैसा किंवा समुद्र असावाच लागतो, असेही नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातील शेतकरी कुटुंबातली, आणि ती भोपाळच्या तलावावर शिकली.

प्रश्न : पावसाळ्यात मुंबईतील क्लब बंद असतात. चार महिने सराव कसा ठेवावा? – एक वाचक, पनवेल

उत्तर : हैदराबादला जावे. मुंबईत ज्या पावसाळी वाऱ्यामुळे नावा किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात, तोच वारा हुसेनसागरावर पोहोचेपर्यंत शर्यतीजोगा होतो, आणि तेथील मोठ्या स्पर्धा त्याच महिन्यांत होतात. तेथील यॉट क्लब ऑफ हैदराबादने सरकारी शाळांतील मुलांना शिकवून राष्ट्रीय स्पर्धांत उतरवले आहे. ते काम पाहण्यासारखे आहे. जाणे जमत नसेल तर नियमपुस्तिका वाचावी. ती दर चार वर्षांनी बदलते, सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ ची आहे, आणि जुन्या आवृत्तीच्या आधारे सुनावणीत बोलणारे सभासद प्रत्येक क्लबात दोन-तीन तरी असतातच.